नाशिकहून नागपूरला विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि हिशेब कसा मांडायचा

मोबाइलवर ‘नाशिक ते नागपूर विमान’ असे शोधले की दोन आकडे लगेच समोर येतात. अंतर ५४५ किलोमीटर आणि वेळ साधारण एक तास दहा मिनिटे. अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडाही हवेतून आलेला नाही, पण तेवढ्या भरवशावर दुपारी दोनची मुलाखत किंवा कोर्टातली तारीख गाठायला निघालात तर पंचाईत होईल. तिकिटावरची वेळ वेगळी असते, घराच्या दारापासून दारापर्यंतची त्याहून बरीच वेगळी, आणि कधी कधी तर तुम्हाला हव्या त्या दिवशी विमानच नसते.

माझे माहेर नागपूरचे आणि संसार नाशिकला. त्यामुळे हा प्रवास रेल्वेने, एसटीने, समृद्धी महामार्गाने आणि विमानाने असा सगळ्या वाटांनी करून झाला आहे. ओळखीतले कुणी पहिल्यांदा विमानाने निघाले, की ‘ताई, नक्की किती वेळ धरायचा?’ म्हणून फोन येतो. त्यांना जे सांगते तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. उदाहरण नाशिक–नागपूरचे असले तरी कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग, अमरावती, सोलापूर अशा कुठल्याही दोन लहान विमानतळांसाठी हीच रीत चालते.

हाताशी एवढे ठेवा:

- दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड
- नकाशा आणि कॅल्क्युलेटर असलेला मोबाइल
- विमान कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर दिसणारे त्या तारखेचे वेळापत्रक
- ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार ते ओळखपत्र, तिकीट काढतानाच समोर

## १. आधी विमानतळ पक्का करा

शहराचे नाव टाकून अंतर काढू नका, विमानतळाचा कोड टाका. नाशिकचा कोड आयएसके, नागपूरचा एनएजी. कोल्हापूर केएलएच, नांदेड एनडीसी, जळगाव जेएलजी, शिर्डी एसएजी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, सिंधुदुर्ग एसडीडब्ल्यू, अमरावती एव्हीआर, सोलापूर एसएसई.

एवढी काटेकोरपणाची गरज का? नाशिकचा प्रवासी विमानतळ शहरात नाही. तो ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीवर आहे आणि शहरापासून साधारण २० किलोमीटर दूर आहे. नाशिकमध्येच गांधीनगरलाही एक धावपट्टी आहे, पण ती लष्कराची. नकाशावर नुसते ‘नाशिक एअरपोर्ट’ शोधून रिक्षा सांगितली आणि भलत्याच फाटकाशी जाऊन उभे राहिलात, असे होऊ देऊ नका. रिक्षावाल्याला किंवा गाडीवाल्याला ‘ओझर एअरपोर्ट, जानोरीच्या बाजूचे टर्मिनल’ असे स्पष्ट सांगा.

गोव्याला तर हा घोळ आणखी मोठा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला. तिकिटावर नुसते ‘गोवा’ वाचून गाडी सांगितली तर अर्धा गोवा ओलांडावा लागतो. मुंबईलाही आता बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असे दोन कोड आहेत. शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नसून काकडीला आहे, सिंधुदुर्गचा चिपी-परुळ्याला. घरून निघायच्या वेळेचा हिशेब या जागांवरून करायचा, शहराच्या नावावरून नाही.

## २. सरळ रेषेतले अंतर स्वतः काढा

सर्वात सोपा उपाय म्हणजे मोबाइलच्या नकाशावर ओझर विमानतळावर बोट दाबून धरायचे, ‘अंतर मोजा’ निवडायचे आणि रेषा नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत न्यायची. झाले.

पण आकडा कुठून येतो हे समजले की कुठलाही आकडा पडताळता येतो, म्हणून एकदा हाताने करून पाहा. दहावीच्या गणिताबाहेरचे यात काही नाही.

ओझर साधारण २०.१२ उत्तर अक्षांश आणि ७३.९१ पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तो कुठेही जवळपास तेवढाच. रेखांशाचे तसे नाही. दोन रेखांशांमधली जागा संत्र्याच्या फोडीसारखी मध्यावर रुंद आणि टोकांकडे निमुळती असते, म्हणून विषुववृत्तापासून जितके दूर जाल तितका रेखांशाचा अंश आखूड. किती आखूड, ते अक्षांशाच्या कोज्येवरून, म्हणजे कॅल्क्युलेटरवरच्या ‘कॉस’ बटणावरून कळते.

- उत्तर-दक्षिण फरक: २१.०९ − २०.१२ = ०.९७ अंश. ०.९७ × १११ = सुमारे १०८ किमी.
- पूर्व-पश्चिम फरक: ७९.०५ − ७३.९१ = ५.१४ अंश. मधला अक्षांश २०.६, त्याची कोज्या ०.९३६. ५.१४ × १११ × ०.९३६ = सुमारे ५३४ किमी.
- आता पायथागोरस: १०८ चा वर्ग अधिक ५३४ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ. उत्तर सुमारे ५४५ किमी.

नागपूर नाशिकच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे हेही या दोन आकड्यांवरून दिसते. पुढे वाऱ्याचा विषय येईल तेव्हा ते उपयोगी पडेल.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. कॅल्क्युलेटर ‘रेडियन’वर असेल तर कोज्या भलतीच येते, तो ‘डिग्री’वर आणा. आणि एकक पाहा. विमानाच्या जगात अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. हेच ५४५ किलोमीटर कुठे २९४ सागरी मैल, कुठे ३३९ साधे मैल असे दिसतात. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले म्हणजे त्यातले दोन चुकीचे, असे नसते.

रेल्वेने हेच अंतर नाशिक रोडहून भुसावळ, अकोला, वर्धामार्गे साधारण ६५० किलोमीटर पडते. रस्त्याने ६०० च्या वर. विमानाचा आकडा लहान दिसतो तो सरळ रेषेमुळे. प्रत्यक्षात विमानही अगदी सरळ रेषेत जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांवरून जाते, आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळसा घेते. ५४५ ला दहा-वीस किलोमीटरची पुस्ती जोडलेली बरी.

## ३. विमान कोणते आहे ते पाहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडे थांबते.

अंतर सांगणारी बहुतेक संकेतस्थळे उड्डाणाचा वेळ एकाच ठोकळ हिशेबाने काढतात: ताशी ८०० किलोमीटर वेग धरायचा आणि चढण-उतरणीसाठी अर्धा तास वर घालायचा. ५४५ भागिले ८०० म्हणजे ४१ मिनिटे, अधिक ३०, म्हणजे एक तास अकरा मिनिटे. तुमच्या मोबाइलवर दिसलेला ‘एक तास दहा मिनिटे’ हा आकडा असा तयार होतो. तो जेट विमानाचा आहे.

लहान शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर मात्र पुष्कळदा एटीआर ७२ हे पंख्याचे विमान असते. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ जागा असतात. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून नागपूर, गोवा आणि अहमदाबादची सेवा सुरू केली ती याच विमानांनी. एटीआरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. मग हिशेब असा होतो: ५४५ भागिले ५०० म्हणजे ६५ मिनिटे, अधिक ३०, म्हणजे एक तास पस्तीस मिनिटे. दीड ते पावणेदोन तास धरून चला, चुकणार नाही.

अंतर वाढले की हा फरकही वाढतो. नागपूर–कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. जेटने एक तास वीस-पंचवीस मिनिटे, एटीआरने जवळजवळ दोन तास. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार वाचा. तो उड्डाण क्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरात लिहिलेला असतो: ‘एटीआर’, ‘ए ३२०’ किंवा ‘ई १७५’. ई १७५ म्हणजे एम्ब्रेअर, ते ७६ जागांचे असले तरी जेट आहे. जागा कमी म्हणजे पंख्याचे विमान, असे समजू नका.

एटीआरला कमी लेखू नका, असेही सांगते. लहान धावपट्टीवर ते सहज उतरते, आणि कमी अंतरावर त्याला इंधन कमी लागते. ते नसते तर आपल्या अनेक जिल्ह्यांना विमानसेवा परवडलीच नसती. जास्तीत जास्त २५ हजार फुटांवरून उडते, त्यामुळे ढग, नद्या, शेते खिडकीतून छान दिसतात. पावसाळ्यात मात्र ढगांतून जाताना हेलकावे जास्त जाणवतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्यापूर्वी हलके खावे.

## ४. तिकिटावरच्या वेळेचा अर्थ समजून घ्या

तिकिटावरची ‘सुटण्याची वेळ’ म्हणजे विमान जमिनीवरून उचलण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते ती वेळ. आणि ‘पोहोचण्याची वेळ’ म्हणजे चाके धावपट्टीला टेकण्याची नव्हे, तर विमान नागपूरच्या टर्मिनलसमोर येऊन थांबण्याची. या दोन्हींमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, चढणे, उडणे, उतरणे, परत रांगत जागेवर येणे हे सगळे धरलेले असते. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून पंधरा-वीस मिनिटांनी कमी.

कंपन्या यात थोडा राखीव वेळही धरतात. ओझरसारख्या ठिकाणी गर्दी नसल्याने तो थोडाच पुरतो. मुंबईचे मात्र वेगळे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि उतरणाऱ्या विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात. मुंबईचे अंतर कमी असूनही तिकिटावर वेळ फुगलेली दिसते ती म्हणून.

जातानाची आणि येतानाची वेळ सारखी नसली तर तो छपाईचा दोष नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात वारा पश्चिमेकडून वाहतो. नाशिकहून नागपूरला, म्हणजे पूर्वेला जाताना तो पाठीमागून येतो आणि परतताना समोरून. एटीआरच्या वेगावर याने चार-पाच मिनिटे, जोराचा वारा असला तर त्याहून थोडी जास्त, इकडेतिकडे होतात.

## ५. त्या दिवशी विमान आहे का?

प्रादेशिक मार्गांवर विमान रोज असेलच असे गृहीत धरू नका. काही सेवा आठवड्यातून तीन किंवा चार दिवसच असतात. वेळापत्रकात कधी कधी वारांऐवजी १ ते ७ आकडे असतात. त्यात १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. आपल्याकडे आठवडा रविवारपासून मोजायची सवय असल्याने इथे एका दिवसाची गफलत होते.

वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. हे बदल फक्त मिनिटांचे नसतात. सकाळचे विमान संध्याकाळी जाते, दिवस कमी होतात, एखादा मार्ग गायबच होतो. एप्रिलमधल्या लग्नाचे तिकीट जानेवारीत काढले असेल तर मार्चअखेर पुन्हा एकदा वेळ तपासा.

मार्ग बंद का पडतात, हेही माहीत असू द्या. ‘उडान’ योजनेखाली सुरू झालेल्या मार्गांना सरकार तूट भरून काढण्यासाठी साधारण तीन वर्षे पैसे देते. ती मुदत संपली आणि प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत की कंपनी मार्ग सोडते. या योजनेतली पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यात शिमला–दिल्लीबरोबर आपले नांदेड–हैदराबादही होते. पण पुढे नांदेडची सेवा काही काळ बंद राहिली आणि नंतर दुसऱ्या कंपनीने ती सुरू केली. जुन्या बातम्या वाचून ‘तिथे विमान आहे’ असे ठरवू नका. कंपनीच्या ॲपवर तुमची तारीख टाकून जागा दिसते का, ती खरी खात्री.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा भाडे चढते आणि जागा मिळत नाहीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांची गर्दी असते. नाशिकच्या बाजूने पाहिले तर २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्या काळातला प्रवास ठरलेला असेल तर लवकर हालचाल करा.

## ६. थेट विमान नसेल तर

दोन लहान विमानतळांमध्ये थेट सेवा नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी सरळ रेषेतल्या अंतराला काही अर्थ उरत नाही.

नाशिक–कोल्हापूर घ्या. सरळ रेषेत अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. समजा हैदराबादमार्गे जावे लागले, तर नाशिक–हैदराबाद सुमारे ५७५ आणि हैदराबाद–कोल्हापूर सुमारे ४४५. बेरीज १,००० च्या वर, आणि मध्ये दोन-तीन तासांचा किंवा त्याहून लांब थांबा. त्यापेक्षा रात्रीची बस करून सकाळी कोल्हापुरात उतरणे बरे, हे मी कुणालाही बेधडक सांगेन.

मधला थांबा घ्यायचाच असेल तर या तीन गोष्टी पाळा.

दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. सामानही मध्ये स्वतः उचलून पुन्हा जमा करावे लागते.

टर्मिनल पाहा. मुंबईत सांताक्रूझचे टी-१ आणि सहारचे टी-२ यांच्यामध्ये बाहेरच्या रस्त्याने जावे लागते. एक विमान मुंबईचे आणि दुसरे नवी मुंबईचे असेल तर ते तिकीट घेऊच नका.

आणि परतीचा शेवटचा टप्पा जपा. मोठ्या शहरातून लहान शहराकडे दिवसाचे एकच विमान असते. ते हुकले की मुक्काम पडतो.

## ७. दारापासून दारापर्यंतची बेरीज

आता खरा आकडा. नाशिक शहरातून निघून नागपुरात सीताबर्डीला पोहोचायचे आहे असे धरू.

- घर ते ओझर: ४५ मिनिटे. आग्रा महामार्गावर द्वारका चौकाच्या आसपास अडकलात तर एक तास.
- विमान सुटण्याआधी विमानतळावर: दीड तास.
- ब्लॉक टाइम: दीड ते पावणेदोन तास.
- नागपूरला उतरून सामान घेऊन बाहेर: २० ते ३० मिनिटे.
- सोनेगाव ते सीताबर्डी: अर्धा तास.

एकूण पाच तासांच्या आसपास. ‘एक तास दहा मिनिटां’चे हे खरे रूप.

समृद्धी महामार्गाने स्वतःची गाडी असेल तर आठ-नऊ तास. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, पण नाशिककरांना त्याआधीच सिन्नर-शिर्डीच्या बाजूने तो मिळत होता. दुचाकीला तिथे परवानगी नाही. विदर्भ एक्स्प्रेसने रात्री नाशिक रोडला बसलात की सकाळी नागपूर. दहा-अकरा तास, पण झोपेत. एकट्याला, कामासाठी, त्याच दिवशी काम उरकायचे असेल तर विमान. चौघांचे कुटुंब आणि भरपूर सामान असेल तर रेल्वे. माझे मत विचाराल तर सकाळी लवकर पोहोचायचे आहे आणि सकाळचे विमान नाही, अशा वेळी रात्रीच्या रेल्वेला तोड नाही.

ओझरहून बाहेर पडायला वाहन आधीच सांगून ठेवा. उतरणारे प्रवासी मोजके, त्यामुळे बाहेर रिक्षा-टॅक्सींची रांग असेल अशी आशा धरू नका, विशेषतः रात्री. नागपूरला तो प्रश्न नाही. मेट्रोचे ‘एअरपोर्ट’ स्टेशनही आहे, पण ते वर्धा रोडवर, टर्मिनलच्या दारात नाही. हातात जड बॅगा असतील तर टर्मिनलपासूनच गाडी करा. एम्सला जायचे असेल तर ते मिहानमध्ये आहे, विमानतळाच्याच बाजूला. शहरात जाऊन परत येऊ नका.

हिवाळ्यात आणखी एक तास राखून ठेवा. ओझर निफाडच्या शेजारी आहे, आणि निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. धुके पडले की सकाळची विमाने खोळंबतात. सकाळी अकराची परीक्षा असेल तर आदल्या दिवशी जा.

## ८. कागदपत्रे आणि सामान

देशांतर्गत प्रवासाला आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन किंवा पासपोर्ट यांपैकी एक पुरते. मूळ हवे, झेरॉक्स चालत नाही. डिजिलॉकरमधले चालते, पण मोबाइल चार्ज असू द्या. लहान बाळासाठी जन्मदाखला घ्या.

नावाकडे मात्र बारीक लक्ष हवे. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असा तिहेरी मामला. एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. लग्नानंतर बँकेत एक नाव, आधारवर दुसरे. तिकिटावर तेच नाव टाका जे त्या दिवशी दाखवणार त्या ओळखपत्रावर आहे. घरातल्या ज्येष्ठांचे तिकीट तुम्ही काढत असाल तर त्यांचे कार्ड मागवून, एकेक अक्षर जुळवून भरा. आठवणीतून भरू नका.

सामान साधारणपणे १५ किलो जमा करायचे आणि ७ किलो हातात. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. जेटमध्ये सहज बसणारी चाकांची बॅग तिथे बसत नाही. मग विमानाच्या पायऱ्यांशी उभा असलेला कर्मचारी तिच्या मुठीला चिठ्ठी बांधतो आणि ती खाली सामानात जाते. तेव्हा औषधे, दागिने, कागदपत्रे, लॅपटॉप एका छोट्या पिशवीत वेगळे ठेवा, म्हणजे ऐन पायऱ्यांवर बॅग उघडून बसायची वेळ येणार नाही. पॉवर बँक जमा केलेल्या सामानात चालत नाही, तीही याच पिशवीत.

लोणच्याची बरणी हातात नेऊ नका, नीट बांधून जमा करायच्या बॅगेत टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा, तेलकट असल्याने त्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. नागपूरची संत्रा बर्फी खुशाल आणा.

एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागे असते, पुढच्या भागात सामान. पटकन उतरायचे असेल तर मागची जागा घ्या. गुडघेदुखी असलेल्यांनाही मागचीच सोयीची, आतले चालणे वाचते.

वेळेचे तर अजिबात ताणू नका. काउंटर सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतात, आणि चढायचे दार साधारण २५ मिनिटे आधी. टर्मिनल लहान आहे, गर्दी नाही, म्हणून नियम सैल असतील असे नाही. वेब चेक-इन घरूनच करा.

## ९. उशीर झाला किंवा विमान रद्द झाले तर

ब्लॉक टाइम समजून घ्यायचा आणखी एक फायदा इथे आहे. विमान रद्द झाल्यावर मिळणारी भरपाई नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे त्यावरच ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यापुढे १०,०००. किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. नाशिक–नागपूर मधल्या गटात बसते. कंपनीने वेळेत कळवले नसेल तर ही भरपाई परताव्याच्या किंवा पर्यायी विमानाच्या वर मिळते. धुके, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही, परतावा किंवा दुसरे विमान मात्र मिळते.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. ते आपणहून दिले नाही तर मागा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच तपासा. तिकिटावर मोबाइल क्रमांक कुणाचा आहे? पुष्कळदा एजंटचा असतो. वेळ बदलल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि तुम्ही ओझरला जाऊन उभे राहता. शिवाय प्रवाशाने स्वतःचा संपर्क दिला नसेल तर भरपाईचा हक्कही जातो. कंपनीच्या ॲपवर पीएनआर टाकून तुमचा क्रमांक भरून घ्या.

विमानतळावरच लेखी कारण मागा, फलकाचा फोटो काढा, बोर्डिंग पास आणि संदेश जपून ठेवा. आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’ ॲपवर पीएनआर, तारीख आणि हे फोटो जोडून तक्रार नोंदवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पुढचा पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो.